सूर्याच्या उलट

इडा दुपारी एकच झोप घ्यायची. पाऊण तासाची, तीही बाबागाडीत, आणि गाडी चिखलातून खडखडत चालली असेल तरच. घरात पाळण्यात ठेवलं की डोळे टक्क. त्यामुळे त्या हिवाळ्यात थ्रॉसलच्या रानातली वाट मला इतकी पाठ झाली, की कुठल्या वळणाला कुठलं मूळ चाकाखाली येणार ते मी डोळे मिटून सांगितलं असतं.

रान आमच्या परसापासूनच सुरू होतं. वर जुने ओक, विरळ विरळ, आणि त्यांच्या खाली सगळं हेझल. हेझलचे आठ पट्टे. दर हिवाळ्याला एक पट्टा जमिनीलगत तोडायचा, आठ हिवाळे झाले की पुन्हा पहिल्याची पाळी. तोडलेल्या बुडख्यातून सरळसोट काठ्या फुटतात. त्या चिरून माझे सासरे, अँब्रोज, मेंढ्यांच्या वाड्यांसाठी ताट्या विणायचे. त्यांचे वडील विणायचे, वडलांचे वडील विणायचे. माझ्या सासूबाई, डॉर्कस, लग्न होऊन आल्या त्या पहिल्या हिवाळ्यापासून त्यांच्याबरोबर तोडायला जायच्या. चव्वेचाळीस हिवाळे दोघं एकत्र. इडा व्हायच्या दोन महिने आधी, जूनमध्ये, त्या गेल्या.

त्या वर्षी पाळी होती खालच्या पट्ट्याची, ओढ्याकाठच्या. नोव्हेंबर गेला, ख्रिसमस आला, पण अँब्रोजनी कोयत्याला हात लावला नाही. शेगडीपाशी बसायचे, इडाला मांडीवर घेऊन, आणि तिला हेझलच्या सालीचा खुळखुळा वाजवून दाखवायचे. ती हसायची. तेही हसायचे, पण तोंडानेच.

ख्रिसमसला माझी नणंद हिलरी वेमथहून आली. पुडिंग वाढता वाढता म्हणाली, "बाबा, माझ्याकडे खालची खोली रिकामीच आहे. खिडकीतून समुद्र दिसतो."

"समुद्राचं काय करू मी?" अँब्रोज म्हणाले. "तो तोडता येत नाही."

"बाबा, मी सीरियसली बोलतेय."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "लेडी डेपर्यंत खालचा पट्टा तोडून झाला तर मी इथंच. नाही झाला तर ये गाडी घेऊन."

लेडी डे म्हणजे मार्चची पंचवीस. त्या दिवसानंतर आमच्याकडे रानात कोणी कोयता उचलत नाही, पक्षी घरटी धरतात. हिलरीने माझ्याकडे पाहिलं, मी रूफसकडे पाहिलं, माझ्या नवऱ्याकडे, आणि त्याने पुडिंगकडे. तिघांनाही कळलं होतं. म्हाताऱ्याने राहायची अट घातली नव्हती, जायची घातली होती.

मला ते जायला नको होते. इडा ऑपरेशनने झाली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी पोटावरच्या टाक्यांकडे बघून रडत बसले होते, तर अँब्रोज आले, हॅट हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पोरी, हेझलला कधी कोयता लावलाच नाही ना, तर ते साठ-सत्तर वर्षांत मरतं. बुडाशी तोडत राहिलं की शेकडो वर्षं जगतं." नर्सला हसू आवरेना. मलाही, आणि हसल्यावर टाके इतके दुखले की पुन्हा रडले. पण त्या सबंध आठवड्यात माझ्याशी धड असं कोणी बोललं असेल तर तेच. माणूस बायकोला पुरून दोन महिने झालेले, आणि मला धीर द्यायला आला होता.

"आपण दोघं तोडू," मी रूफसला म्हटलं.

रूफस ॲम्ब्युलन्सवर कामाला होता. बारा-बारा तासांची ड्यूटी. "अगं, कधी?" तो म्हणाला. "आणि तुला कुठं येतं?"

ते मात्र खरं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात अँब्रोजनी मला शिकवायचा प्रयत्न केला होता. नियम सोपा होता. बुडखा आपल्या उजव्या हाताला ठेवायचा आणि सूर्य जातो त्या दिशेने त्याच्याभोवती फिरत एकेक काठी उतरवत जायची. काप बाहेरच्या अंगाला उतरता हवा. पावसाचं पाणी बाहेर ओघळलं पाहिजे, बुडख्याच्या पोटात साठलं की तो कुजलाच. मी त्यांचा कोयता घेऊन घाव घातला, तर तो काठीवरून सटकून गेला. पुन्हा घातला, पुन्हा सटकला.

"झाडाला गुदगुल्या करतेस की काय?" ते म्हणाले.

डॉर्कस पलीकडच्या बुडख्यापाशी होत्या. "तिला माझा कोयता द्या की," त्या म्हणाल्या.

"तुझा नको. तू तिलाही तुझ्यासारखं उलटं फिरायला शिकवशील."

डॉर्कस सूर्याच्या उलट फिरायच्या, हे गावाला ठाऊक होतं. आमच्याकडे तसं फिरणं चांगलं मानत नाहीत. चर्चभोवतीसुद्धा कोणी उलटी फेरी घालत नाही. डॉर्कसचं माहेर टेकडीपलीकडचं, आणि अँब्रोज म्हणायचे, तिकडची माणसं हट्टी, त्यांना सूर्य दाखवला तर पाठ फिरवतील. डॉर्कस हसून सोडून द्यायच्या. मीही तो विषय तिथंच सोडला. मग इडाचे दिवस राहिले.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला बाबागाडीचं चाक कुरकुरायला लागलं, म्हणून तेल शोधायला मी शेडमध्ये गेले. खिळ्याला तेलकट गोणपाटाची गुंडाळी लटकत होती. आत डॉर्कसचा कोयता. मी तो सहज डाव्या हातात धरला. मी डावरी आहे. पातं खिडकीकडे वळवून पाहिलं, तर धारेचा उतार दुसऱ्याच बाजूला घासलेला. अँब्रोजच्या कोयत्याच्या बरोब्बर उलट. दारातल्या सरपणावर एक घाव घातला. सुरी लोण्यात जावी तसा तो आत गेला.

डॉर्कस डावऱ्या होत्या हे मला माहीत होतं. पण डावऱ्याचा कोयता वेगळा असतो, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून इडाच्या झोपेचा पाऊण तास माझा झाला. ओढ्याकाठी गाडी ओकच्या बुंध्यापाशी उभी करायची. दांड्याला लांब दोरी बांधायची, दोरीचं दुसरं टोक माझ्या कमरेला. मी घाव घालायला वाकले की दोरी ताणायची, गाडी हलायची. इडाला वाटायचं आपण चाललोय. दिवसाला एक बुडखा व्हायचा, कधी दोन. रूफसला सांगितलं नाही. तो टाक्यांचं काढून बसला असता. अँब्रोजना सांगणार होते, पण दीडशेतले पन्नास बुडखे झाल्यावर. हात धरून न्यायचं, दाखवायचं आणि म्हणायचं, बघा आजोबा, तिसरा हिस्सा झालासुद्धा. मग ते घरी बसणार नाहीत असं मला वाटत होतं. इडा झाल्यापासून मी त्यांना आजोबाच म्हणायचे.

नियम मी कसोशीने पाळला. बुडखा उजव्या हाताला. सूर्य जातो तसं. एकही फेरी चुकवली नाही.

एका दुपारी मागून आवाज आला. "काय गं, गाडी ओढायला गाढव मिळालं नाही म्हणून स्वतःलाच बांधून घेतलंस?"

मेव्हिस लोडर. आमच्या शेजारच्या. वय पंचाहत्तर, पायाशी कर्नल नावाचा टेरियर कुत्रा, आणि जीभ त्या कर्नलच्या दातांहून तेज. त्या तोडलेल्या बुडख्यांकडे बघत राहिल्या.

"अँब्रोजला माहितीय?"

"अजून नाही. मेव्हिस, तुम्ही सांगू नका हं. प्लीज."

"मी? मी तर मुकीच आहे."

मेव्हिसना मुकं राहणं चार दिवस जमलं. त्यांच्या मानाने ती तपश्चर्याच म्हणायची. त्यातले तीन दिवस पाऊस होता. बारा मार्चला आभाळ उघडलं. मी गाडी घेऊन रानात गेले, दोरी कमरेला बांधली, आणि मान वर केली तर वाटेवरून अँब्रोज येत होते. काठी टेकत, डोक्यावर ती जुनी हॅट. मागून दहा पावलांवर मेव्हिस आणि कर्नल, जणू सहज फिरायला निघालेत.

मी हात वर करून त्यांना हाक मारली. आनंदानेच. पन्नास व्हायला सात कमी होते, पण म्हटलं, असू दे.

अँब्रोज माझ्याकडे न बघता सरळ बुडख्यांकडे गेले. पहिल्या बुडख्यापाशी थांबले, गुडघा टेकला आणि मधल्या खळग्यात बोट घातलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत पाण्यात बुडालं. उठले. दुसऱ्या बुडख्यापाशी गेले. पाणी. तिसऱ्याला पाणी. चौथ्याच्या पाण्यात ओकचं पान तरंगत होतं.

"किती केलेस?"

"त्रेचाळीस."

"त्रेचाळीस," ते म्हणाले. "माझ्या आजोबांच्याही आधीचे बुडखे आहेत हे. दोन हिवाळ्यांत कुजतील."

मी वाकून त्या पाण्याकडे बघितलं.

"कोणी शिकवलं तुला असं?"

"तुम्हीच," मी म्हटलं. आवाज फाटला. "बुडखा उजव्या हाताला. सूर्य जातो तसं. एकदाही चुकले नाही, आजोबा. शप्पथ."

"मग काप आत कसा उतरला? बाहेर उतरायला हवा!"

"मला नाही माहीत! मी पावलंच बघत होते, काप नाही!" आणि मी रडायलाच लागले. सात महिन्यांत सलग चार तास झोपले नव्हते. त्यात इडा गाडीत कुरकुरली आणि माझा सदरा दुधाने भिजला. दोरी कमरेला तशीच. मेव्हिसनी गाडीचा दांडा धरला आणि हलवायला लागल्या.

अँब्रोजनी हॅट काढली, पुन्हा घातली. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "दाखव. एक काठी तोडून दाखव."

मी नाक पुसलं. नव्या बुडख्यापाशी उभी राहिले, तो उजव्या हाताला ठेवून. कोयता वर नेला, घाव घातला. काठी उतरली. कापाचा उतार सरळ बुडख्याच्या पोटाकडे.

ते माझ्या हाताकडे बघत होते.

"हा डॉर्कसचा कोयता."

"हो. तुमचा माझ्या हातात चालत नाही. मी डावरी आहे."

"ते माहितीय मला. लग्नात तुला सही करतानाही बघितलंय मी," ते म्हणाले, पण लक्ष दुसरीकडेच होतं. काठी टेकत ते पट्ट्याच्या टोकाला गेले, जिथं अजून काही तोडलं नव्हतं. तिथल्या एका जुन्या बुडख्यावर, काठ्यांच्या मधे, आठ वर्षांपूर्वीचे काप अजून दिसत होते. राखाडी, कोरडे. सगळे बाहेर उतरते. ते हाताने चाचपून बघत राहिले. हे डॉर्कसचे काप आहेत, हे त्यांना कोणी सांगावं लागत नव्हतं.

मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. काठी ओकला टेकवून ठेवली, डावी मूठ वळली, जणू तिच्यात कोयता आहे, आणि बुडखा उजवीकडे ठेवून हवेतच घाव घालत फिरायला लागले. एक पाऊल, एक घाव. एक पाऊल, एक घाव. मूठ दर वेळी डाव्या खांद्यावरून उजवीकडे, आत, पोटाकडे येत होती. थांबले. मग वळले, बुडखा डाव्या हाताला घेतला आणि उलटे निघाले. आता मूठ बाहेर जात होती.

"नाचतोयस की काय, अँब्रोज?" मेव्हिस म्हणाल्या. "गुडघे शाबूत असताना नाचला असतास तर कोणी बघितलं तरी असतं."

अँब्रोज हसले नाहीत. ओकच्या मुळावर बसले. डावी मूठ तशीच वळलेली.

"चव्वेचाळीस वर्षं," ते म्हणाले. "चव्वेचाळीस वर्षं मी तिला हट्टी म्हणत आलो."

मेव्हिसनी गाडी हलवायची थांबवली. कर्नलसुद्धा बसला.

"ती म्हणायची, अँब्रोज, मला असंच जातं. एवढंच म्हणायची. मला वाटायचं, टेकडीपलीकडची खोड आहे." त्यांनी मूठ उघडून तळव्याकडे पाहिलं. "कोयता मीच तिला डावा घासून दिला होता. या हाताने. आणि पाय उलटे का पडतात ते माझ्या डोक्यात आलं नाही."

"तिने तुला समजावलं का नाही?" मेव्हिसनी विचारलं.

"मी कधी गप्प बसलो असेन तेव्हा ना."

मेव्हिसनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. पुन्हा उघडलं. "एकदा मला म्हणाली होती," त्या म्हणाल्या. "मेव्हिस, हा चिडवतो तेव्हा हिवाळा बरा जातो, म्हणाली. मी म्हटलं, तुझं डोकं फिरलंय."

अँब्रोजनी हॅट डोळ्यांवर ओढली. मग खांदे हलायला लागले. हसतायत की रडतायत ते मला आधी कळेना. दोन्ही होतं. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. दोरीमुळे गाडीही माझ्यामागून आली, आणि इडाने दुलईतून हात काढून त्यांची बाही पकडली.

मग त्यांनी नाक शिंकरलं. "हे सगळे पुन्हा तोडायचे. बोटभर खालून. उलटं फिरून."

"सुधारतील?"

"तेरा दिवस आहेत. दीडशे बुडखे, त्यात हे त्रेचाळीस परत." ते उठायला लागले, मी हात दिला. "माझा कोयता शेडमध्ये आहे. धार गेली असेल. आणि हिलरीला फोन कर."

"काय सांगू?"

"सांग, सुनेने घाण करून ठेवलीय. ती निस्तरल्याशिवाय म्हाताऱ्याला हलता येत नाही."

ते तेरा दिवस कसे गेले ते नीट आठवत नाही. चहाचे थर्मास, चीज आणि लोणच्याचे सँडविच, भिजलेले हातमोजे. गाडीची दोरी आता मेव्हिसच्या हातात असायची. त्या घरची खुर्ची रानात आणून बसल्या होत्या, आणि कोण किती हळू काम करतंय ते मोठ्याने सांगायच्या. रूफसला कळलं तेव्हा तो टाक्यांवरून जे बोलायचं ते बोलला, आणि मग सुट्टीच्या दोन्ही दिवशी फांद्या ओढून बुडख्यांवर पसरत राहिला, हरणांनी कोंब खाऊ नयेत म्हणून.

मी आणि अँब्रोज एकेका बुडख्यावर दोघं मिळून. ते सूर्याबरोबर, मी सूर्याच्या उलट. एकाच जागी पाठीला पाठ लावून सुरुवात करायची आणि फिरत फिरत पलीकडे एकमेकांसमोर यायचं. शेवटची काठी कुणाची यावरून रोज वाद.

"माझी."

"तुमची कशी? मी आधी पोचले."

"तीही असंच म्हणायची," अँब्रोज म्हणाले, आणि काठी मला सोडली.

पंचवीस मार्चला संध्याकाळी हिलरीची गाडी आली. शहरी बूट घालून ती ओढ्यापर्यंत आली, हातात रिकामी सूटकेस. का आणली होती ते तिलाच माहीत. गाडीत ठेवायची विसरली असेल. उन्हं ओकच्या शेंड्यावर होती.

"किती राहिलेत?"

"चार," मी म्हटलं.

तिने सूटकेस खाली ठेवली, इडाला उचललं आणि मेव्हिसच्या शेजारी उभी राहिली. तीन झाले. चौथ्यापाशी अँब्रोज वाकले आणि तसेच थांबले. मला हाताने खूण केली. काठ्यांच्या दाटीत, कमरेएवढ्या उंचीवर, शेवाळ आणि चिखलाची वाटी होती. तीत ब्लॅकबर्डची मादी बसलेली. हलली नाही. नुसती आमच्याकडे बघत राहिली.

अँब्रोज दोन पावलं मागे आले.

"म्हणजे एक राहिला," हिलरी म्हणाली. आवाजात कुचेष्टा नव्हती. थकवा होता, आणि काळजी. जूनपासून ती रोज रात्री फोन करून बापाने जेवण केलं का ते विचारत होती. "अट काय होती, बाबा?"

"पट्टा तोडायची."

"मग?"

"हा बुडखा पट्ट्यात नाही आता. हे घर आहे. माणूस राहत असलेलं घर कोणी तोडतं का?"

"बाबा, ती पक्षीण आहे."

"तिला सांग ते."

हिलरीने पक्षिणीकडे पाहिलं. मग चिखलाने माखलेल्या बापाकडे, त्याच्या हातातल्या कोयत्याकडे, माझ्याकडे. बापाचे गाल वाऱ्याने लाल झाले होते. तिचा चेहरा हळूहळू सैल पडला.

"शनिवारी येत जाईन मी," ती म्हणाली. "आणि फोन उचलायचा. पहिल्या रिंगला."

"तिसऱ्या," अँब्रोज म्हणाले.

"दुसऱ्या."

"बरं."

मेव्हिस म्हणाल्या, "झालं? माझं बूड गोठलंय." आणि खुर्ची उचलून चालायला लागल्या.

हिलरीच्या घरामागे वाटाण्याचा वाफा होता. वेल चढायला काटक्या लागतात म्हणून रूफसने तिची सूटकेस हेझलच्या शेंड्यांनी भरली. ती बंद होईना. मग ती तशीच, अर्धी उघडी, काटक्या बाहेर आलेल्या, गाडीच्या मागे ठेवली.

सगळे वाटेला लागले. मी गाडीपाशी दोरी सोडत होते. अँब्रोज मागे राहिले होते. ब्लॅकबर्डचा बुडखा त्यांच्या आणि वाटेच्या मधे होता. तिला उठवायचं नाही म्हणून त्यांनी लांबून वळसा घातला, कोयता काखेत धरून, सावकाश, सूर्याच्या उलट.